सात नंबरच्या खुर्चीवरची सीमा

परळला विद्यापीठाची एक संगणक प्रशाला आहे. कुठल्या विद्यापीठाची ते विचारू नये. गोष्ट सांगणाऱ्याला तेवढी सूट असते. १९८५ साली दोन खोल्यांत 'संगणक केंद्र' म्हणून ती सुरू झाली, पुढे 'विभाग' झाली, मग 'प्रशाला'. सुरुवातीला एक वर्षाची पदविका होती आणि बँकांतले साहेब टाय लावून ती शिकायला यायचे. मग एमसीए आलं, एमएस्सी आलं, आयटी आलं. आयटीला कुणी विचारेना तेव्हा डेटा सायन्स आलं आणि गेल्या वर्षापासून सगळ्याच अभ्यासक्रमांच्या शेपटाला एआय लागलं. मास्तर तेच, बाकं तीच, पाटी तेवढी नवी. पण नवी पाटी लागली की ॲडमिशनला रांग लागते, त्याला कोण काय करणार?

या सगळ्या उलथापालथीत संध्याकाळचा सर्टिफिकेट कोर्स तेवढा जागचा हलला नाही. सहा महिन्यांचा, सहा ते आठ. पहिल्या संचालकांनी, म्हणजे मोठ्या सरांनी, तो खास आसपासच्या पोरांसाठी काढला होता. संप होऊन गेला होता, गिरण्या अर्धमेल्या पडल्या होत्या, आणि गिरणीत बापाच्या जागी मुलगा लागण्याचे दिवस संपले होते. फी बाहेरच्या क्लासपेक्षा कितीतरी कमी आणि अट एकच, दहावी पास. आजही त्या कोर्सला लालबागची, शिवडीची, वरळी कोळीवाड्याची मुलं येतात. दिवसा कुठेतरी राबतात आणि संध्याकाळी इथे येऊन कीबोर्डवर बसतात.

त्यांना शिकवते सीमा पाटकर. कागदोपत्री ती शिकवत नाही. कागदोपत्री ती प्रयोगशाळा परिचर आहे. तिने कुलूप उघडायचं, मशीनवरची कव्हरं काढायची, फळा पुसायचा आणि मास्तर येईपर्यंत थांबायचं. पण सहा वाजता मास्तर कधीच येत नाहीत. सगळ्यांना घरी जायची घाई. त्यामुळे गेली पंचवीस वर्षं फळा पुसणारीच फळ्यावर लिहीत आली आहे. हे शिपायापासून संचालकांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळ्यांच्या सोयीचं होतं, म्हणून कुणी बोलत नव्हतं.

यंदा जानेवारीत मात्र विद्यापीठाचं पत्र आलं. कोर्सला पात्र प्रशिक्षक नेमा, नाहीतर जूनपासून कोर्स बंद. पात्र म्हणजे दहा वर्षांचा अनुभव आणि निदान हेच सर्टिफिकेट.

संचालक निमेश सरांनी सीमाला केबिनमध्ये बोलावलं. गिरगावात वाढलेला गुजराती माणूस, मनाने बरा, फक्त नियमाच्या बाहेर पाऊल टाकायचं म्हटलं की त्याला धाप लागते.

"सीमाताई, सिंपल आहे. नियमात सोय आहे. दहा वर्षं सर्व्हिस झालेल्या स्टाफला क्लास न करता डायरेक्ट परीक्षा देता येते. मे महिन्यात बसा, पास व्हा, जूनमध्ये तुमची ऑर्डर काढतो. पगार वाढेल, पोस्ट वाढेल, कोर्सपण वाचेल. बोला."

"मी नाही बसणार," सीमा म्हणाली.

"का? भीती वाटते?"

"भीती नाही. नाही बसणार."

निमेश सरांना काही कळेना. नवरा हितेंद्र, गिरगावातल्या छापखान्यात बाइंडिंग करणारा साधा माणूस, त्यालाही कळेना. तो म्हणाला, "अगं, झोपेत विचारलं तरी सांगशील ते सगळं. दे की." ती भांडी आपटत राहिली. प्रशालेत कुजबुज सुरू झाली की बाईला येत असेल-नसेल, उगाच हवा. तेही तिने ऐकून घेतलं. कोर्स बंद झाला तर वर्गातल्या मुलांचं काय होणार, हा विचार तिला सोडत नव्हता. पण परीक्षेचा फॉर्म समोर आला की तिचं डोकं फिरायचं.

कारण ती परीक्षा तिने दिली होती. एकदा. १९९२ साली. पहिल्या नंबराने पास झाली होती.

झालं होतं असं. सीमा घाडी तेव्हा सतरा वर्षांची होती. बाप धोंडू घाडी गिरणीत साचे, म्हणजे कापड विणायचे माग, चालवायचा. संपानंतर तो कुडाळला गावी गेला तो परतलाच नाही. आई काशीबाईने लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीत खानावळ घातली आणि चाळीस माणसांना जेवू घालत दोन पोरं वाढवली. थोरला दीपक, धाकटी सीमा. मोठ्या सरांच्या कोर्सची बातमी चाळीत आली तेव्हा काशीबाईने गळ्यातला एक डाग मोडला आणि दीपकचं नाव घातलं. मुलगा तो. सीमाचं नाव घालावं असं कुणाच्या मनातही आलं नाही, खुद्द सीमाच्याही नाही.

प्रशालेत तेव्हा दौलत नावाचा शिपाई होता. काशीबाईच्या खानावळीचा गिऱ्हाईक, आणि त्याआधी गिरणीतला बदली कामगार. बदली म्हणजे ज्याला कायमची जागा नाही असा. रोज सकाळी गेटवर उभं राहायचं. कायमचा माणूस आला नाही की त्याच्या साच्यावर बदलीवाल्याला घ्यायचं. साचा बंद ठेवायचा नाही, हा गिरणीचा धर्म. दौलतने तोच धर्म इथे आणला. आठ टर्मिनल, आठ खुर्च्या. पण नाव नसलेली कितीतरी पोरं पॅसेजमध्ये ताटकळत उभी असायची. सव्वासहापर्यंत एखादा आला नाही की दौलत दारातून बोट करायचा आणि पहिला उभा असलेला आत जाऊन त्या खुर्चीवर बसायचा. आणि हजेरी? ती दौलत खुर्चीच्या नंबराची मांडायचा. खुर्ची भरली की हजेरी भरली. यात काही चुकतंय असं त्याच्या स्वप्नातही आलं नाही. गिरणीत बदलीवाल्याचं नाव वेगळ्या मस्टरवर चढायचं, एवढी एक गोष्ट तो विसरला, आणि त्या विसराने कितीजणांचं काय झालं ते देव जाणे.

दीपक तीन दिवस आला. चौथ्या दिवशी त्याला शिवडीच्या गोदामात माल मोजून घ्यायचं काम मिळालं आणि त्याने घरी कुणाला सांगितलं नाही. त्या संध्याकाळी सीमा दौलतचा डबा घेऊन प्रशालेत आली. सात नंबरची खुर्ची रिकामी होती आणि पॅसेजमध्ये त्या दिवशी चिटपाखरू नव्हतं.

"भावस खंय गेलो?" दौलतने विचारलं.

"माहीत नाही."

"मगे तू बस. खुर्ची रिकामी र्‍हवली तर सायब माका ओरडतलो."

"मला नाही येत काय."

"हात लाव गो, चावूचा नाय ता."

सीमा बसली. हिरव्या अक्षरांच्या त्या पडद्यासमोर बसली ती सहा महिने उठली नाही. दीपकने आठ दिवसांनी घरात कबुली दिली तेव्हा काशीबाई म्हणाली, फी तर गेलीच आहे, निदान हिला तरी काय येईल ते येऊ दे. बस्स, ठरलं. सीमा सकाळी आईच्या हाताखाली भाकऱ्या थापायची आणि संध्याकाळी सात नंबरवर बसायची. तिला ते आवडलं. आवडलं म्हणजे काय, जीव जडला. सांगितलेलं तंतोतंत ऐकणारं आणि चुकलं तर न ओरडता चूक दाखवणारं असं घरात दुसरं कोण होतं?

परीक्षा प्रात्यक्षिकाची होती. नावांची एक यादी घ्या, तिला काही नियम लावा आणि ती मांडून छापून दाखवा. बाकीच्यांनी पुस्तकातली उदाहरणं उतरवली. सीमाने खानावळीचे चाळीस जेवणारे घेतले. कुणाची कुठली पाळी, कोण कधी जेवतो, कुणाचं ताट आधी वाढायचं. छापलेला कागद घेऊन बाहेरचे परीक्षक बराच वेळ उभे राहिले आणि त्यांनी वर लाल शाईने 'उत्तम' लिहिलं. कागदावर नंबर होता सात. सात नंबर म्हणजे दीपक धोंडू घाडी.

सर्टिफिकेट घ्यायला दीपक गेला. इस्त्रीचा शर्ट घालून. सीमा मागे भिंतीला टेकून उभी होती, हातात दौलतचा डबा. टाळ्या वाजल्या तेव्हा तिनेही वाजवायला हात वर केले आणि डब्याचा खुळखुळाट झाला. घरी आल्यावर ती काहीतरी बोलली असावी, कारण दीपक म्हणाला, "तुला काय करायचाय कागद? तुझं लग्न होणार." तो वाईट नव्हता. तेव्हा सगळेच असं बोलायचे. पण काही वाक्यं माणूस विसरतो आणि काही माणसाला विसरू देत नाहीत.

त्या कागदावर दीपकला शिवडीच्याच एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात कॉम्प्युटरवर नोकरी लागली. आज तो तिथला मॅनेजर आहे, कल्याणला त्याचा दोन खोल्यांचा फ्लॅट आहे. सर्टिफिकेट काशीबाईच्या भिंतीवर राहिलं. चाळ पाडून टॉवर झाला तेव्हा ते एकविसाव्या मजल्यावर चढलं. सीमाला दौलतने प्रशालेत चिकटवून घेतलं, आधी रोजंदारीवर, बारा वर्षांनी कायम. दौलत वारला. मोठे सर गेले. आणि सीमाने तेहतीस वर्षं कुणाला एक अक्षर सांगितलं नाही. आता तीच परीक्षा परत द्या म्हणतात. म्हणजे पहिली दिलीच नव्हती, असं स्वतःच्या हाताने लिहून द्यायचं? ते तिच्याने होईना.

फेब्रुवारीत प्रशालेच्या चाळीस वर्षांची स्मरणिका काढायचं ठरलं. इतिहासाचं काम श्रेया मॅडमवर पडलं. दोन वर्षांपूर्वी लागलेली तरुण प्राध्यापिका, हुशार आणि कामसू. तिने कपाटं उपसली, जुनी रजिस्टरं झटकली आणि सीमाला घेऊन बसली, कारण जुनं माणूस असं ती एकटीच उरली होती.

सीमा खुलली. पहिल्या मशीनला एसी होता आणि माणसांना पंखाही नव्हता, दसऱ्याला दौलत मशीनला झेंडूचा हार घालायचा आणि गिरणीच्या सवयीने तेल द्यायला निघायचा, मग मोठे सर धावत यायचे, हे सगळं तिने सांगितलं. श्रेया हसून हसून लिहीत होती. मग सीमाने बदलीचं सांगितलं. मोठ्या अभिमानाने.

श्रेयाचं पेन थांबलं. तिने रजिस्टर पुढे ओढलं. "ताई, सात वर्षं हजेरी शंभर टक्के आहे. मला वाटलं, काय शिस्त होती! म्हणजे ही हजेरी खोटी?"

"खोटी कशी? एकपण खुर्ची रिकामी नव्हती."

"पण माणूस दुसराच होता ना!"

"मग? शिकला ना कोणीतरी?"

श्रेयाने कपाळाला हात लावला. "हे मला छापता नाही येणार, ताई." तिने दोन ओळी खोडल्या आणि विषय बदलावा म्हणून भिंतीवरच्या काचेकडे बोट केलं. मोठ्या सरांनी तिथे एक कागद फ्रेम करून लावला होता; पिवळा पडलेला, कडेला भोकं असलेला, वर लाल शाईत 'उत्तम'. "हा मुलगा मला शोधायचाय. दीपक धोंडू घाडी, ब्याण्णवची बॅच, पहिला नंबर. गिरणी कामगाराचा मुलगा! स्मरणिकेत पूर्ण पान देऊ त्याला. कुठे असेल हो आता?"

तेहतीस वर्षं या कागदाबद्दल कुणी विचारलं की सीमा जे सांगायची तेच तिच्या तोंडून गेलं. "माझा भाऊ तो."

श्रेयाने तिला मिठीच मारली. सीमा त्या मिठीत काठीसारखी उभी राहिली.

दीपकचा फोन आला तेव्हा ती बसस्टॉपवर होती.

"सीमा, त्या मॅडमचा फोन आला होता. फोटो काढायला बोलवतायत. काय करू गं?"

"जा की. फुल पान आहे."

"असं नको बोलू."

"मग कसं बोलू, दादा? शिकव तू. पहिला नंबर ना तुझा." तिने फोन बंद केला आणि आलेली बस सोडून दिली. 

दीपक मार्चच्या एका संध्याकाळी आला. श्रेयाने साडेसहा सांगितलं होतं, हा सहालाच हजर. चौपन्न वर्षांचा माणूस, पोट सुटलेला, हातात मिठाईचा पुडा. प्रयोगशाळेच्या दारात तो थबकला. आत सीमा फळ्यासमोर उभी होती आणि वीस-बावीस मुलं मान वर करून तिच्याकडे पाहत होती.

पहिल्या रांगेत भाविका होती, कोळीवाड्याची. तिची आई गंगुबाई दादरच्या बाजारात मासळी विकते. भाविका पहाटे आईबरोबर माल उचलते, दिवसा एका दवाखान्यात रिसेप्शनला बसते आणि संध्याकाळी इथे येते. तिचा प्रोग्राम अडकला होता. सीमा तिच्या मागे जाऊन उभी राहिली.

"थांबायचं कधी ते सांगितलंस का त्याला?"

"नाही."

"मग तो फिरणारच ना गो. गणपतीच्या नवसाच्या रांगेत चुकून शिरलेल्या माणसासारखं झालंय त्याचं. बाहेर कुठून पडायचं तेच ठाऊक नाही. ही ओळ बघ. इथे त्याला दार दे."

मुलं हसली. भाविकाने ओळ घातली, प्रोग्राम सुटला आणि ती खुर्चीतच उडाली. तोवर मागून कुणीतरी "ताई" म्हणालं आणि सीमा तिकडे वळली. मग तिसरीकडून. ती एका खुर्चीकडून दुसऱ्या खुर्चीकडे जात होती. दीपक हे अर्धा तास पाहत राहिला. त्याची समजूत अशी होती की बहीण तिथे पाणी भरते, लाद्या पुसून घेते आणि किल्ल्या सांभाळते. तेहतीस वर्षांत त्याने तिला एकदाही विचारलं नव्हतं की तू तिथे नक्की करतेस काय.

श्रेया कॅमेरा घेऊन आली. काचेतला कागद तिने काढून आणला होता. दीपकला एका मशीनसमोर बसवलं, कागद हातात दिला. मुलांनी कामं थांबवली. ताईचा भाऊ, पहिला नंबर, म्हणजे काय! सीमा दाराशी उभी राहिली, चेहरा दगडाचा.

"सर, किती गोड आहे हे! खानावळीची यादी! फक्त एक सांगा, काही नावांपुढे ही चांदणी का आहे? मी फोटोखाली लिहिते."

दीपकने कागद लांब धरला, मग जवळ धरला. नावं सगळी ओळखीची होती. ही माणसं त्याच्याच घरात जेवली होती. चांदणी कशाची ते त्याला ठाऊक नव्हतं.  डिझाइन म्हणून असेल, असं म्हणून सुटता आलं असतं. ते वाक्य ओठांपर्यंत आलंही असेल. त्याने कागद खाली ठेवला.

"मला नाही माहीत. तिला विचारा."

"ताईंना?"

"हा कागद तिचा आहे, मॅडम. मी इथे तीन दिवस आलो. चौथ्या दिवसापासून ती बसत होती. परीक्षापण तिनेच दिली. मी फक्त सर्टिफिकेट घ्यायला आलो."

श्रेया आधी हसली. मग तिने सीमाकडे पाहिलं आणि हसू विरलं. 

तेहतीस वर्षं सीमाने हा क्षण मनात किती वेळा घडवला असेल! त्यात ती रडायची, त्याला माफ करायची. प्रत्यक्षात ती भडकली. "आता सांगतोस? चाळ पडली, दौलतकाका गेले, मोठे सर गेले, आणि आता तुला आठवलं?"

"आठवलं नाही. ठाऊकच होतं," दीपक म्हणाला. "पण तू काय करतेस ते आज बघितलं."  त्याने चष्मा काढला आणि शर्टाला पुसत बसला.

सीमा मशीनपाशी आली. तिने कागद हातात घेतला आणि बोट ठेवलं. आवाज अजून रागाचाच होता. "चांदणीवाले बदली कामगार. काम मिळालं की नाही ते त्यांना गेट उघडल्यावर कळायचं. मिळालं तर जेवायला यायचे, नाहीतर दुसरीकडे काम शोधायला जायचे. म्हणून त्यांचा भात उशिरा टाकायचा. प्रोग्राम त्यांची वेगळी यादी काढतो. भात फुकट जायला नको." एवढं बोलून तिचा आवाज फुटला. रडूही त्या भातावरच आलं, नशिबावर नाही. भाविकाने उठून तिला पाणी दिलं.

पुढचं जे झालं ते नियमाला धरून झालं, म्हणजे विचारायलाच नको. श्रेयाला वर कळवावं लागलं. निमेश सरांना खरोखरच धाप लागली. विद्यापीठाकडून सीमाला खुलासा मागणारं पत्र आलं. ज्या साली ती नोकरीतच नव्हती, त्या सालच्या गैरवर्तनाबद्दल! तिने चार ओळींत उत्तर दिलं: खुर्ची रिकामी होती, मला बसायला सांगितलं, मी बसले, मी शिकले. ते उत्तर फायलीला लागलं आणि पुढे काही झालं नाही. दीपकने लेखी जबाब दिला आणि सर्टिफिकेट परत केलं. नोकरीवर गदा येईल या भीतीने त्याला तीन रात्री झोप लागली नाही. पण त्याचे मालक म्हणाले, तीस वर्षं काम बघितलंय, कागद काय बघायचा आता? हेच वाक्य सीमाला मात्र कुणी ऐकवलं नाही. तिला कागद लागणारच होता.

आईच्या घरी भिंतीवर सर्टिफिकेटच्या फ्रेमचा पांढरा चौकोन राहिला. ब्याऐंशी वर्षांची काशीबाई त्याकडे बघत म्हणाली, "माझीच चूक गो ती. त्या वर्साक मी दोघांचीय नावां घालूक होयी होती."

"तुझ्याकडे दोघांची फी कुठे होती, आई?"

"मागूक येय होती. मी मागलंयच नाय."

 सीमा आईच्या मांडीला मांडी लावून बसली.

दुसऱ्या दिवशी ती आपणहून निमेश सरांच्या केबिनमध्ये गेली आणि म्हणाली, "फॉर्म द्या." सरांनी विचारलं, "आता कसं मन बदललं?" ती म्हणाली, "पहिली परीक्षा माझी होती, हे भावाने चारचौघांत सांगितलं. आता दुसरी द्यायला काय जातंय? नुसता कागद तर हवाय." सरांना यातलं किती कळलं कोण जाणे, पण त्यांनी फॉर्म दिला आणि पेनही दिलं.

परीक्षा मे महिन्यात झाली. त्याच प्रयोगशाळेत, तिनेच सकाळी कव्हरं काढलेल्या मशीनवर. बाहेरच्या कॉलेजातून परीक्षक आले होते, श्रेया देखरेखीला होती. बावीस मुलं आणि पन्नास वर्षांची सीमा. तिच्या डाव्या हाताला भाविका. हजेरीचा कागद फिरला, तिने सही केली: सीमा हितेंद्र पाटकर. प्रश्न निघाला, दवाखान्यातल्या रुग्णांच्या नंबरांचा. ती लिहू लागली.

अर्ध्या तासाने डावीकडून हलका आवाज आला. "ताई."

सीमाच्या पायांत सवयीने बळ आलं. पंचवीस वर्षं त्या हाकेला ती उठत आली होती. तिला न वळताही ठाऊक होतं काय झालंय. भाविकाने पुन्हा थांबायचं सांगितलं नव्हतं, पडद्यावर तेच तेच आकडे धावत होते. एक ओळ. नुसतं बोट दाखवलं तरी पुरलं असतं, आणि श्रेया खिडकीकडे तोंड करून उभी होती.

"ताई, प्लीज."

सीमाने दोन्ही हात कीबोर्डवर ठेवले.  पडद्यावरची आपली ओळ तिने पुन्हा वाचली, मग पुढची लिहिली. हाक तिसऱ्यांदा आली नाही. तिचा प्रोग्राम पहिल्या फटक्यात चालला. परीक्षकांनी पाहिला, दोन गोष्टी विचारल्या, मान डोलावली आणि सही केली. वेळ संपायला अजून चाळीस मिनिटं होती. नियमाप्रमाणे तिला बाहेर जाता येत होतं. ती गेली नाही, हात मांडीवर घेऊन शेवटपर्यंत आपल्या जागी बसून राहिली.

बाहेर पॅसेजमध्ये भाविकाने तिला गाठलं. तोंड फुगलेलं.

"सुटला का गो?" सीमाने घाईने विचारलं.

"सुटला. माझा मीच सोडवला. पण वीस मिनिटं गेली ना माझी!" भाविकाचे डोळे भरले होते. "मी दोनदा हाक मारली. तुम्हाला ऐकू नाही आलं?"

"आलं."

"मग?"

सीमाने तिच्या गालावरचं पाणी आपल्या पदराने पुसलं.

"आज माझा पेपर होता गो."